‘इतकी वर्षं गप्प का बसली होती?’ : वाचकांचे प्रश्न

घरातल्याच माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल कुणी तोंड उघडलं की आपण भोवतालचे लोक कसे वागतो, यावर गेल्या महिन्यात या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : माझ्या चुलत बहिणीने दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं की ती नऊ-दहा वर्षांची असताना थोरल्या काकांनी तिच्याशी वारंवार घाणेरडे चाळे केले. ती आज चौतीस वर्षांची आहे, काका सत्तरीचे. गावात त्यांना मान आहे. शेतीची वाटणी चालू असल्याने ‘हे आत्ताच कसं आठवलं’ असं सगळे म्हणतात. वाद नको म्हणून यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तिला माहेरी आणायला कुणी गेलं नाही. ‘पुढच्या वर्षी ये’ असं मीच फोनवर सांगितलं. मी कुणाचीच बाजू घेतलेली नाही. बरोबर ना? (अमळनेर तालुका)

उत्तर : दादा, काका आखाजीला पंगतीत होते आणि बहीण नव्हती. निरोप तुमच्या फोनवरून गेला. बाजू घेऊन झाली आहे.

आपल्याकडे सासुरवाशिणीला आखाजीला माहेरी न बोलावणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं काहीच बदललं नाही आणि जी बोलली तिचं माहेर तुटलं. घरोघर असंच होतं, आणि ‘वाद नको’ म्हणणारी भली माणसंच ते करतात.

आता वाटणीचं. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तिला तिच्या वडिलांच्या हिश्श्यातून वाटा मागायचा असेल तर साधा दिवाणी दावा पुरेसा आहे. त्यासाठी नवऱ्यासमोर, दिरा-जावांसमोर स्वतःच्या बालपणाची अशी लक्तरं कोण बाहेर काढील? उलट वाटणीच्या निमित्ताने सगळे एका ओसरीवर बसतात, काका मधोमध असतात, आणि इतकी वर्षं गिळलेलं तेव्हाच बाहेर पडतं. मला हा क्रम जास्त खरा वाटतो.

‘आत्ताच का’ याचं उत्तर बहुतेक वेळा घरातच असतं. अभिनेत्री खुशबू सुंदर यांनी मार्च २०२३ मध्ये सांगितलं की वडिलांचा अत्याचार त्यांच्या आठव्या वर्षी सुरू झाला आणि विरोधात बोलायला पंधरावं वर्ष उजाडलं. नवऱ्याला देव मानणारी आई आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, ही भीती होती. त्याच महिन्यात दिल्ली महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष स्वाती मालीवाल यांनी वडिलांविषयी असंच सांगितलं. पदावरच्या, नावाजलेल्या बायकांनाही बोलायला इतकी वर्षं लागतात. मग काकांच्याच घरात जेवणाऱ्या, त्यांच्याच पाया पडून परीक्षेला जाणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीने कुणाला सांगायचं होतं?

तुम्ही न्यायाधीश नाही, निकाल देऊ नका. तिला फोन करा. ‘त्या वेळी मी नको म्हणालो ते चुकलं, घरी ये’ एवढंच म्हणा. ‘नक्की काय केलं होतं’ हे विचारू नका, ती सांगेल तेवढंच ऐका. पुढच्या सणाला दोघं एका छताखाली येणार नाहीत अशी व्यवस्था करा, आणि बाजूला राहायचं ते काकांनी. तिला तक्रार करायची असेल तर एखाद्या वकिलाला भेटवा. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला मुदतीची अट नाही. कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना मात्र असते, आणि घटना घडली तेव्हाचा कायदा लागू होतो.

तुमच्या पत्रात नसलेला एक प्रश्न मीच विचारतो : काकांच्या घरी आज लहान मुली राहतात का? त्यांना तिथे एकटं ठेवणं आजपासून बंद.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने सांगितलं की सुटीत आलेल्या चोवीस वर्षांच्या आतेभावाने तिच्याशी नको ते केलं. सासूबाई म्हणतात, ‘घरनी गोट घरमाच ऱ्हाऊ दे.’ नणंदेने तर अन्नपाणी सोडलं. चार दिवसांनी मुलगी म्हणाली, ‘मी खोटं बोलले.’ आता काय समजू? (भुसावळ)

उत्तर : ताई, ती आधी बोलली ते धरून चला. मुलांनी सांगून मग शब्द फिरवणं इतकं नेहमीचं आहे की रोलंड समिट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८३ मध्येच अशा मुलांच्या वागण्याचा जो क्रम मांडला, त्यातली शेवटची पायरी हीच आहे. तुमच्या मुलीने चार दिवसांत काय पाहिलं? आजी रडतेय, आत्या जेवत नाहीये, आई-बाबा दार लावून भांडताहेत. आपल्या एका वाक्याने घर मोडलं असं तिला वाटलं आणि तिने ते वाक्य मागे घेतलं.

ही गोष्ट घरात ठेवण्याचा पर्याय कायद्याने तुमच्याकडे नाहीच. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सासूबाईंनाही हे सांगा, भांडून नव्हे, माहिती म्हणून.

मुलीचे शब्द तिने वापरले तसेच, तारखेसह, वहीत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका आणि त्या मुलाला समोर बसवून ‘सोक्षमोक्ष’ तर अजिबात नको. १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला फोन लावा. मुलीचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. पोलिसांनी ठाण्यातच या म्हटलं तर पॉक्सोचं कलम २४ दाखवा. दवाखान्यात उपचारासाठी आधी गुन्हा नोंदवलेला लागत नाही. मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मनोधैर्य योजनेचा अर्ज करता येतो.

आणि आज रात्री झोपताना तिला सांगा : आत्या जेवत नाही ती तुझ्यामुळे नाही, दादाने जे केलं त्यामुळे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. खोट्या तक्रारीही होतातच. आरोप होताच माणसाला वाळीत टाकायचं का? (चोपडा)

उत्तर : गुरुजी, होतात, आणि त्या तपासायला पोलीस आणि न्यायालय आहे. पण खोटेपणाची शंका आपल्याला नेमकी कधी येते ते पाहा. शेजारच्या गावातला अनोळखी इसम पकडला की पारावर सगळे म्हणतात, ठेचा त्याला. तेव्हा पुरावा कुणी मागत नाही. आरोपी आपल्या भाऊबंदकीतला निघाला की लगेच कायद्याची आठवण होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत दरवर्षी बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. वाळीत टाकू नका. पोरीलाही टाकू नका, एवढं झालं तरी पुष्कळ.

प्रश्न : आमच्या गावातल्या मुलीवर सावत्र बापाने अत्याचार केला. तिला न्याय मिळावा म्हणून आम्ही तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तर एका वकिलाने आम्हालाच धमकावलं. (पारोळा)

उत्तर : धमकावलं नाही, वाचवलं. फोटो सगळीकडून आत्ता काढा. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. नावच नव्हे, शाळा, घर, नातेवाईक अशी ओळख पटेल असं काहीही नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सांगितलं आहे. बापाचं नाव टाकलं तरी मुलगी कळतेच. सज्ञान स्त्री स्वतःहून नाव सांगू शकते, तो तिचा अधिकार आहे, तुमचा नाही.

आणि पोरांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांना १९९४ चं जळगाव विचारा. फोटो काढून, धमकावून मुलींचं शोषण करणारी टोळी उघडकीस आली, राज्यभर गाजली. तरी तक्रारीला मोजक्याच जणी पुढे आल्या. ओळख फुटली की लग्न मोडतं, हे प्रत्येकीला माहीत होतं. गुन्हेगारांचा डाग जळगावच्या मुलींना लागला.

प्रश्न : मी एक्केचाळीस वर्षांचा. सहावीत असताना मोठ्या मावसभावाने दोन वर्षं माझा वापर केला. मित्रांना सांगितलं तर हसले. बायको म्हणते, विसरा. तो आता वारला. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, सगळे त्याचे गुण गाणार. (शहादा तालुका)

उत्तर : दादा, हसणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण केंद्र सरकारने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते.

मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, त्यामुळे पोलिसांकडे जाऊन हाती काही लागणार नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. वहिनींच्या ‘विसरा’चा मला राग येत नाही, त्या घाबरल्या असाव्यात. सल्ला नको, फक्त ऐक, असं त्यांना एकदा सांगून बघा.

वर्षश्राद्धाला जाऊ नका. कुणी विचारलंच तर विहिरीवरची मोटार जळाली होती, शेतात होतो, एवढं सांगितलं तरी चालेल. खरं कारण कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा.