मॉडिफाय केलेली सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यावी का?

मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पार्ट) बसवलेली, ईसीयू रिमॅप केलेली (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली) गाडी घ्यावी का, असं विचारलंय. घ्या, पण आधी बिलं मागा. कुठला पार्ट कधी, कोणी बसवला, ट्यूनिंग कोणी केलं, हे कागदावर दिसत नसेल तर मी तिथूनच परत फिरेन.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन सुरू होतानाची खडखड आणि सायलेन्सरमधला निळसर धूर (म्हणजे ऑइल जळतंय) तेव्हाच पकडता येतो. मग कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) कराच. सिलिंडरांच्या आकड्यांत 10-15 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच भाव करा. नुसता बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवून इंधन पंप आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे पार्ट) मूळचेच ठेवले असतील, तर पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळू शकतो. ही कंजुषी फार जण करतात.

मॉडिफिकेशनवर मालकाने किती उधळले, ते ऐकून घ्या आणि सोडून द्या. हौस त्याची होती. काढलेले मूळ पार्ट मात्र मागून घ्या आणि विमा कंपनीला सगळे बदल कळवा, नाहीतर क्लेम अडकेल.