वहीतली जत्रा आणि खोडून केलेली यात्रा

कोल्हापूरजवळच्या एका गावात सासर असलेल्या वाचक ताईंचा प्रश्न आहे. मुलीनं 'आमच्या गावची जत्रा' असा निबंध लिहिला. बाईंनी प्रत्येक ठिकाणी 'जत्रा' खोडून 'यात्रा' केलं आणि समासात शेरा दिला, 'शुद्ध लिही'. घरी सासूबाई म्हणतात, "जत्राच बरोबर हाय, यात्रा काशीला असती." मग जोतिबाची यात्रा का म्हणतात, असं ताईंनी विचारलंय. शिवाय गावच्या कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी 'रात्री छबिना' असतं, तो शब्द कुठला, हेही.

ताई, निबंधात 'जत्रा' परत लिहायला सांगा. सासूबाईंचं उत्तर जवळजवळ पूर्ण आहे. मी फक्त त्याला कारणं जोडतो.

बाईंची बाजू आधी मांडतो, कारण व्युत्पत्तीपुरती ती खरी आहे. संस्कृतात 'या' म्हणजे जाणे, त्यावरून यात्रा. प्राकृतात शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज' झाला. योगीचा जोगी, यवाचा जव, युगाचं बैलाच्या मानेवरचं जू, यंत्राचं दळायचं जातं. खुद्द 'याति'वरून आपलं 'जाणे' आलं, म्हणजे 'जत्रेला जाणे' म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो. यात्रेची प्राकृतात 'जत्ता' झाली. जात्याच्या चालीनं पुढं मराठीत तिची 'जात' व्हायला हवी होती. उत्तराखंडात तसंच झालं, नंदादेवीच्या राजजातेतली 'जात' ती हीच. मराठीनं मात्र 'त्र' सोडला नाही. बहुधा शेजारी 'यात्रा' सतत कानांवर पडत राहिली म्हणून. कन्नडात जात्रे, कोकणीत जात्रा, तेलुगूत जातर. बंगालात तर जात्रा म्हणजे लोकनाट्यच. इतक्या मुलुखांत नांदणाऱ्या शब्दाला लाल शाईनं खोडायचं, तर बैलाच्या मानेवर 'युग' ठेवावं लागेल आणि नवरात्रात 'योगवा' मागावा लागेल.

पण जत्रा हा यात्रेचा बोलीतला अवतार आहे आणि अर्थ तोच, असंही नाही. दोघी एका घरातून निघाल्या आणि पुढं त्यांनी कामं वाटून घेतली. एवढं कळलं की तुमचे बरेच प्रश्न सुटतात.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे पुढं 'करणे' लावून बघा. "आम्ही यात्रा केली" म्हटलं की काशी, रामेश्वर, चारधाम, निदान तुळजापूर-अक्कलकोट. "आम्ही जत्रा केली" म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला पुढचा प्रश्न सुचतो तो असा : बकरं केवढ्याला पडलं? आमच्याकडं जत्रा करणे म्हणजे देवाला नैवेद्य दाखवून भावकी, पै-पाहुणे, दोस्त कंपनी यांना मटणाचं जेवण घालणे. "जत्रेला या" हे आमंत्रण देवळाचं कमी आणि पंगतीचं जास्त असतं. तांबडा-पांढरा ओरपून देवळाकडं न फिरकताच परत गेलेला पाहुणाही "जत्रेला आलोवतो" असंच सांगतो, आणि ते खोटं धरलं जात नाही. हे वाक्य 'यात्रे'त घालून बघा, बसणार नाही.

दुसरी परीक्षा समासांची. पदयात्रा, शोभायात्रा, रथयात्रा, अंत्ययात्रा. यांतल्या एकालाही 'जत्रा' लावता येत नाही, कारण या सगळ्यांत काहीतरी इथून तिथं चाललेलं आहे. उलट घरात माणसं वाढली की आई ओरडते, "काय जत्रा भरवलीय रे?" तिथं 'यात्रा' चालत नाही. यात्रा निघते. जत्रा निघत नाही, ती भरते. यात्रेत वाट महत्त्वाची, जत्रेत जागा. जत्रेत देव आपल्या जागी असतो, आपणही आपल्याच गावात असतो, आणि दुनिया आपल्याकडं येते : पाळणेवाला, बत्तासेवाला, काकणंवाली, माहेरवाशिणी आणि वर्षभर तोंड न दाखवणारा चुलतभाऊ.

आता जोतिबा. वाडी रत्नागिरीचा डोंगर कोल्हापूरपासून १७-१८ किलोमीटरवर. चैत्र पौर्णिमेला तिथं जे होतं त्याला लोक यात्रा म्हणतात ते बाईंच्या शुद्धलेखनासाठी नव्हे. तिथं गावंच्या गावं निघून येतात आणि येताना आपली सासनकाठी घेऊन येतात. ही काठी म्हणजे तीस फुटांहून उंच वेळू, त्याला कापडाची वेष्टणं, वर तुरा, आणि चारी बाजूंना ताणलेल्या दोऱ्या. एक गडी काठी पोटाशी बांधलेल्या पट्ट्यावर तोलून नाचवतो, बाकीचे दोऱ्या धरून तिचा तोल राखतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. गुलालानं सगळा डोंगर गुलाबी होतो, खोबऱ्याच्या वाट्या उधळल्या जातात, दवण्याचा वास येतो, आणि संध्याकाळी पालखी यमाईच्या भेटीला निघते. म्हणजे भक्त चालून आले, काठ्या चालत आल्या आणि शेवटी देवही चालला. याला यात्राच म्हणायला हवं.

याच डोंगराला माघातल्या रविवारी जे जातात ते 'जोतिबाच्या यात्रेला' चाललोय असं म्हणत नाहीत. ते 'खेट्याला' जातात. बाकी महाराष्ट्रात 'खेटे घालणे' म्हटलं की तलाठी कार्यालय आठवतं : एका दाखल्यासाठी पाच हेलपाटे आणि साहेब जेवायला गेलेले. कोल्हापुरात हाच शब्द देवाच्या कामाला लागलाय. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख या वाटेनं पहाटेच्या अंधारात अनवाणी चालत जायचं, आणि असे रविवारी रविवारी पाच खेटे पुरे करायचे. कथा अशी सांगतात की जोतिबा परत हिमालयाकडं निघाला, तेव्हा त्यानं इथंच राहावं म्हणून अंबाबाई स्वतः अनवाणी त्याला विनवायला गेली. कथेचं काहीही असो, शब्दाचा मूळ स्वभाव इथं नीट दिसतो. खेटा म्हणजे फेरी, आणि नुसती फेरी नव्हे, काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा मारायची. तलाठ्याकडं ती नाइलाजानं असते, देवाकडं हौसेनं. एवढाच फरक.

अंबाबाईचं बघा. अख्खं शहर तिच्याभोवती वसलंय, पण 'अंबाबाईची जत्रा' असं कोल्हापूरकर म्हणत नाही. तिचं नवरात्र असतं. जोतिबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रथोत्सव असतो. मावळतीची किरणं थेट मूर्तीवर येतात तो किरणोत्सव असतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. तिकडं नृसिंहवाडीलाही कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहिलं की 'दक्षिणद्वार सोहळा' होतो, जत्रा नव्हे. माझं मत विचाराल तर यात पंगतीचा हात आहे. जिथं बकऱ्याचा नैवेद्य नाही तिथं 'जत्रा' म्हणायला आमची जीभ जरा कचरते. अर्थात हा नियम नाही, कोकणात बघितलं तर लगेच मोडेल.

अंबाबाईशी जोडलेली एक यात्रा मात्र आहे, आणि तिच्यात यात्रेला निघते ती देवी. ललितापंचमीला तिची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे आमच्या बोलीतल्या टेंबलाईच्या, भेटीला तिच्या टेकडीवर जाते, तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. कोहळ्याचा तुकडा मिळवायला जी झोंबाझोंबी होते ती एकदा बघण्यासारखी आहे, लांबून.

आणि ह्याच टेकडीवर दोन्ही शब्द समोरासमोर येतात. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी पेठापेठांतून, तालमी-तालमींतून पोरी-बायका नदीवर जातात, कलश भरतात, डोक्यावर घेतात आणि वाजत-गाजत टेंबलाईला जाऊन देवीच्या पायऱ्यांवर ते पाणी ओततात. पुढं जे वाद्य असतं त्याला कोल्हापुरात 'पी ढबाक' म्हणतात. 'पी' तोंडानं वाजवायच्या वाद्याची, 'ढबाक' ढोलाची. शब्दकोशात शोधायला जाऊ नका, मोठ्यानं म्हणा म्हणजे कळेल. पेपरात या सगळ्याची बातमी 'त्र्यंबोली यात्रा' अशी येते. ते योग्यच, नदीवरून टेकडीपर्यंत चालणं आहे. पण पाणी ओतून पोरी परत आल्या, गल्लीच्या तोंडाला मांडव पडला, चुलीवर पातेलं चढलं, की तिथून पुढची 'गल्लीची जत्रा'. एकाच दिवशी सकाळी यात्रा आणि रात्री जत्रा, आणि बोलणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

मग बाईंना 'यात्रा'च शुद्ध का वाटली? हल्ली फ्लेक्सवर, पत्रिकेत, ग्रामपंचायतीच्या ठरावात सगळीकडं 'ग्रामदैवताची वार्षिक यात्रा' असंच असतं. एसटीच्या जादा गाड्या सुटतात त्या यात्रेसाठी, बंदोबस्त लागतो तो यात्रेचा. छापायचं म्हटलं की माणूस जरा इस्त्रीचे कपडे घालतो, तसलाच हा प्रकार. फ्लेक्सवर 'यात्रा' छापणारे कार्यकर्तेच फोनवर "भावा, परवा जत्रा हाय, ये" म्हणत असतात. त्यामुळं गावच्या उत्सवाला 'यात्रा' लिहिलं तर ते चूक नाही, रूढ झालंय. पण म्हणून 'जत्रा' अशुद्ध ठरत नाही.

थोडी गडबड होते ती आंबील यात्रेत. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून गाड्या भरभरून लोक सौंदत्तीच्या रेणुकेला जातात. ते परत आले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील, घुगऱ्या, दहीभात, वडी-भाकरी, वरणं-वांगं असा नैवेद्य घेऊन सगळं शहर लोटतं. भरतं ते आपल्याच गावात, म्हणजे माझ्या हिशेबानं ती जत्रा. तरी नाव यात्रा. मला वाटतं, सौंदत्तीच्या यात्रेची ही सांगता आहे आणि मूळ प्रवासाचं नाव तिला चिकटलंय. शिवाय नैवेद्य आंबिलीचा, त्यामुळं पंगतीच्या हिशेबानंही ती 'जत्रे'त मोडत नाही. कुणाला याहून बरं कारण माहीत असेल तर जरूर सांगावं.

तुमच्या सासरच्या भागात आणखी दोन शब्द कानांवर आले असतील. काही गावांत गावदेवीच्या जत्रेला 'म्हाई' म्हणतात, तिथंही मटणाशिवाय चालत नाही. दुसरा 'उरूस'. अरबी 'उर्स' म्हणजे लग्न. सूफी संत देह ठेवतो तेव्हा तो ईश्वराशी मीलन पावला असं मानतात, म्हणून पुण्यतिथीचा दिवस लग्नाचा. कागलच्या गैबीचा उरूस घ्या. गहिनीनाथ आणि गैबी पीर ही दोन्ही नावं तिथं एकाच श्वासात घेतात, गलेफ चढवायला सगळ्या जातींची माणसं जातात. 'गलेफ' म्हणजे पांघरूण, तोही अरबी-फारसीतून आला. आमच्या आणि सांगलीच्या बाजूला तर हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की हिंदू देवाच्या जत्रेलाही म्हातारी माणसं सहज 'उरूस' म्हणून जातात. निबंधात तो आला तर बाई काय करतील हे बघायला मला आवडेल.

जोतिबाच्या निमित्तानं 'चांगभलं'ही सांगून टाकतो. 'चांग' हा 'चांगला' मधला जुना शब्द, आणि 'भलं' म्हणजेही चांगलंच. बाजारहाट, केरकचरा यांत जशी एका अर्थाची जोडी आहे तशी ही. अमक्याच्या नावानं भलं होवो, असा अर्थ. पण मराठी माणूस देवाच्या आरोळीलाही कामाला लावतो. उसने दिलेले पैसे बुडाले की तो हात झटकून म्हणतो, "गेले, त्याच्या नावानं चांगभलं!"

राहता राहिला छबिना. हा फारसी आहे. 'शब' म्हणजे रात्र, जी 'शब-ए-बारात' मध्ये आहे. 'शबीना' म्हणजे रात्रीचा. आधी हा लष्करी शब्द होता : छावणीभोवती रात्री फिरणारा पहारा म्हणजे छबिना. पुढं देवाची पालखी रात्री मशाली-अब्दागिऱ्या घेऊन, वाजत, गावाला फेरी घालू लागली, तिलाही तेच नाव पडलं. तेव्हा पत्रिकेतल्या 'रात्री छबिना' मध्ये रात्र दोनदा आलीय. छापणाऱ्याला ते सांगायला जाऊ नका. 'छबिना' एवढंच छापलं तर पाहुणे किती वाजता यायचं म्हणून फोन करून हैराण करतील.