ग्रीक शुभवर्तमान-पोथ्या : वाचकांचे प्रश्न

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या ग्रीक पोथीत मत्तयाऐवजी योहान आधी का?

ती जहारिस पोथी, इ. स. ११०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) लिहिलेली. त्यात चार शुभवर्तमाने, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची येशूची चरित्रं, सलग नाहीत. त्या त्या दिवशी उपासनेत वाचायचे उतारे आहेत. वाचनाचं वर्ष ईस्टरला सुरू होतं आणि त्या दिवशी योहानाचा आरंभ वाचतात. पुढे मत्तय, मग लूक. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मुख्यतः मार्क. ठरलेल्या तारखांच्या सणांचा विभाग वेगळा, तो १ सप्टेंबरपासून, कारण बायझंटाईन साम्राज्याचं वर्ष तेव्हा सुरू होई.

अशा पोथ्यांत ओळींवर लाल खुणा कसल्या?

गायनाच्या. ऋग्वेदाच्या पोथ्यांतही स्वर लाल शाईने दाखवलेले आढळतात; पण तिथे खूण अक्षराची, इथे वाक्यखंडाची. खंडाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक खूण असते. नेमकी सुरावट गुरूकडून ऐकूनच शिकायची. पंधराव्या शतकापर्यंत ही परंपरा मावळली आणि खुणा उरल्या. फार मोठं नुकसान आहे हे.

मूळ पाठ शोधायला या पोथ्यांचा उपयोग होतो का? त्या तर उशिराच्या.

होतो, आणि अभ्यासकांनी त्यांच्याकडे फार काळ दुर्लक्ष केलं असं माझं ठाम मत आहे. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट घ्या. ती योहान ७:५३ ते ८:११ (आधी अध्याय, मग ओवी) मध्ये येते, पण सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नाही. पेंटेकॉस्टचा, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशीच्या सणाचा, उतारा ७:३७ ते ५२ वाचून थेट ८:१२ वर जातो. मधली गोष्ट तिथे वाचतच नाहीत. अनेक पोथ्यांत ती ८ ऑक्टोबरला, संत पेलागियाच्या सणाला येते. उपासनेने हा भाग कसा वेगळा हाताळला, हे शुभवर्तमाने सलग लिहिलेल्या प्रतींपेक्षा इथे स्वच्छ दिसतं. शिवाय अशा दोन हजारांहून अधिक पोथ्या नोंदलेल्या आहेत. एवढे साक्षीदार बाजूला कसे ठेवायचे?

पुष्पिकेत (लेखनिकाने पोथीच्या शेवटी केलेल्या नोंदीत) ६५०८ साल आहे. हे कुठलं?

सृष्टीच्या निर्मितीपासून मोजलेलं. जानेवारी ते ऑगस्टसाठी ५५०८ वजा करा, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९. म्हणजे इ. स. १००० किंवा ९९९. महिना दिलेला नसेल तर दोन्ही सालं लिहावीत.