समोरचा प्रत्येक हात रेज करतो, तेव्हा

प्रश्न : मी आणि माझा मित्र ऑनलाइन दोघांच्या टेबलावर होल्डेम (हातात दोन आणि टेबलावर पाच पानं असलेला पोकर) खेळतो, पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर. तो बटणावरून (म्हणजे डीलरच्या जागेवरून) जवळपास प्रत्येक हात रेज करतो, म्हणजे बोली वाढवतो, मग फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं), टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं पान) तिन्हीवर बेट लावतो. मी पानं टाकत राहतो आणि शेवटी चिडून ऑल-इन जातो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चिप्सवरच खेळा, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे.

मित्राचं रेज करणं चुकीचं नाही. दोघांच्या खेळात बटणवाला स्मॉल ब्लाइंड (सुरुवातीची छोटी सक्तीची रक्कम) भरतो, पण फ्लॉपपासून पुढे शेवटी बोलतो, म्हणून तो बरेच हात खेळू शकतो. चुकतंय ते तुमचं पानं टाकणं. समजा त्याचा स्मॉल ब्लाइंड 50, तुमचा बिग ब्लाइंड 100, आणि त्याने रेज करून एकूण 250 केले. म्हणजे आणखी 200 घालून तो 150 मिळवू बघतो. सातपैकी चारपेक्षा जास्त वेळा तुम्ही फोल्ड केलंत, म्हणजे पानं टाकलीत, तर त्याला स्वतःची पानं बघायचीही गरज नाही. तुम्हाला मात्र 150 घालून 500चा पॉट (मधल्या सगळ्या चिप्स) दिसतो, म्हणजे 30 टक्के जिंकलात तरी बरोबरी. आधी बोलावं लागतं म्हणून थोडं जास्त धरा. कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, सूटेड (एकाच चिन्हाची) राणी-सत्ती यांवर कॉल करा, म्हणजे त्याच्याइतक्या चिप्स घाला. सत्ती-दुर्री खुशाल टाका.

जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी साधारण तीनातून एकदाच लागते, त्यालाही. अर्ध्या पॉटच्या बेटला कॉल करून 25 टक्के वेळा जिंकलात तरी पुरतं, पूर्ण पॉटच्या बेटला 33. त्यामुळे छोट्या बेटवर मधली जोडी (टेबलावरच्या मधल्या पानाशी जुळलेली) सोडू नका, पण तिच्यावर रेजही करू नका. रेज केलं की त्याचे ब्लफ (चांगली पानं नसताना लावलेल्या बेट) पळतात आणि तुमच्यापेक्षा चांगली पानंच उरतात. ब्लफ करणाऱ्याला ब्लफ करू द्यावं.

रिव्हरवर हातातली पानं नीट बघा. टेबलावर इस्पिक राजा, इस्पिक अठ्ठी, किलवर पंजी, चौकट दुर्री, बदाम गुलाम आहेत. तुमच्याकडे अठ्ठी आणि राणी. राणी इस्पिकची असेल, तर त्याचे हुकलेले इस्पिक फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं), म्हणजेच त्याचे ब्लफ, कमी होतात. राणी बदामाची असेल तर कॉल जास्त योग्य.

अर्थात, रिव्हरवर मोठी बेट लावून तो दर वेळी खरी पानंच दाखवत असेल, तर तिथे निमूट फोल्ड करा. फ्लॉपआधी आक्रमक असलेला माणूस रिव्हरवरही तसाच असतो असं नाही. उघडलेल्या पानांची नोंद ठेवा. दहा-पंधरा हातांवरून मत बनवू नका.

चिडून ऑल-इन जाता तेव्हा, समजा, 10,000 लावता ते पॉटमधल्या 350साठी, आणि कॉल येतो तो बहुतेक चांगल्या पानांचाच. त्याऐवजी 1,000पर्यंत रेज करा : मोठ्या जोड्यांवर, एक्का-राजावर, अधूनमधून सूटेड एक्का-पंजीवर. एक्का तुमच्या हातात असला की त्याच्याकडे दोन एक्के असण्याच्या जुळण्या 6वरून 3वर येतात.

प्रश्न : आठच बिग ब्लाइंडइतक्या चिप्स उरल्या तर?

उत्तर : बटणावर ऑल-इन किंवा फोल्ड. कुठलीही जोडी, एक्का किंवा राजा असेल तर ऑल-इन. छोटं रेज करून नंतर पानं टाकणं सर्वांत महाग पडतं.