वाचकांचे प्रश्न : क्रोममधले पासवर्ड फायरफॉक्समध्ये नेताना

प्रश्न : मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर गेली सहा-सात वर्षे क्रोम वापरते आणि त्यात वीजबिल, भविष्यनिर्वाह निधी, रेल्वे आरक्षण, दोन बँका असे मिळून सव्वाशेच्या आसपास पासवर्ड साठले आहेत. आता फायरफॉक्स वापरायचे ठरवले आहे. फायरफॉक्सला क्रोममधून सगळे परस्पर घ्यायला सांगितले, तेव्हा बुकमार्क आले, पासवर्ड आले नाहीत. मग भाच्याच्या सांगण्यावरून क्रोममधून सीएसव्ही फाइल काढली, एक्सेलमध्ये उघडून जुन्या नोंदी गाळल्या, जतन केली आणि फायरफॉक्समध्ये घेतली. आता भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर माझ्या क्रमांकाच्या जागी ‘१.००१२३ई+११’ असे उमटते. माझे काय चुकले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चूक एकच झाली आणि ती हिशेबाचा हात असलेल्या कोणाकडूनही होईल अशी आहे. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर. परंतु एक्सेल तो उघडताना प्रत्येक रकान्याचा अर्थ स्वतःच्या समजुतीने लावते. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे सदस्याचा खाते क्रमांक, हा बारा अंकी असतो. एक्सेलला ती मोठी संख्या वाटते, म्हणून ते ती आखडून दाखवते, आणि आपण फाइल त्याच सीएसव्ही रूपात जतन केली की जे दिसत होते तेच लिहिले जाते. त्या फाइलमधले मागचे अंक कायमचे जातात. ज्या पासवर्डमध्ये नुसते अंक असून सुरुवातीला शून्य आहे, त्याचे ते शून्य गळते. बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड तर एक्सेल सूत्र समजते आणि त्या जागी चूक झाल्याचा संदेश ठेवते. त्यामुळे बिघडलेली नोंद एकच असेल असे गृहीत धरू नये. फायरफॉक्समध्ये आलेल्या या नोंदी काढून टाकाव्यात आणि क्रोममधून नवी फाइल काढावी. क्रोममधले मूळ पासवर्ड अजून जागेवर असल्यामुळे आपले काहीही हरवलेले नाही. नको असलेल्या नोंदी गाळायच्या असतील तर त्या आधी क्रोममध्येच पुसाव्यात किंवा नंतर फायरफॉक्समध्ये. मधल्या फाइलला हात लावू नये. अगदीच डोकावायचे असेल तर नोटपॅडमध्ये उघडावी आणि काहीही न बदलता बंद करावी.

पासवर्ड परस्पर का आले नाहीत, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी एक ब्राउझर दुसऱ्याचा साठा थेट वाचू शकत असे, कारण विंडोजवरचे क्रोमचे कुलूप संगणकात प्रवेश केलेल्या वापरकर्त्यापुरते होते. तो वापरकर्ता आत आला की त्याच्या नावाने चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला ते उघडता येई, आणि नेमका याचाच फायदा पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम घेत. म्हणून गूगलने जुलै २०२४ मध्ये, क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीपासून, विंडोजवर ही किल्ली खुद्द क्रोमशी बांधायला सुरुवात केली. आरंभ कुकींपासून, म्हणजे संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींपासून, केला आणि पासवर्डही पुढे त्याच कुलपाखाली आणण्याचे जाहीर केले. चोराला अडवणाऱ्या कुलपाला फायरफॉक्स हा सज्जन पाहुणा आहे हे कळत नाही. त्यामुळे विंडोजवर आता फाइलचाच मार्ग भरवशाचा राहिला आहे.

ती फाइल काढण्यापूर्वी एक काम करावे असा माझा आग्रह आहे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘प्रायमरी पासवर्ड’, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डना कुलूप घालणारा एक पासवर्ड, ठेवण्याची सोय आहे, ती आधी चालू करावी. ती आपोआप चालू नसते. ती नसेल तर फायरफॉक्सचे पासवर्ड आणि त्यांची किल्ली एकाच फोल्डरमधल्या दोन फाइलींत शेजारी शेजारी असतात, आणि तो फोल्डर उचलून नेणाऱ्याला सगळे वाचता येते. म्हणजे कपाटाला कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवल्यासारखे. मात्र हा प्रायमरी पासवर्ड विसरला तर तो परत मिळवता येत नाही. तो नव्याने ठेवताना साठवलेले सर्व पासवर्ड पुसले जातात. तो वहीत लिहून घरातल्या कपाटात ठेवला तर मला त्यात गैर वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवरून गूगल पासवर्ड मॅनेजर उघडावा, त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट पासवर्ड्स’ समोरचे ‘डाउनलोड फाइल’ दाबावे आणि विंडोजचा पिन द्यावा. फाइल डाउनलोड्समध्ये ठेवावी. डेस्कटॉपवर नको, कारण अनेक लॅपटॉपवर डेस्कटॉपची प्रत वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात आपोआप जाते. मग फायरफॉक्सच्या तीन आडव्या रेघांवरून ‘पासवर्ड्स’ उघडावे, तिथल्या तीन ठिपक्यांतून ‘इम्पोर्ट फ्रॉम अ फाइल’ निवडावे आणि ती फाइल दाखवावी. काही क्षणांत किती नोंदी नव्या आल्या, किती जुन्या बदलल्या, किती दुबार निघाल्या आणि किती चुकल्या याचा गोषवारा समोर येतो. तो बंद करण्याची घाई करू नये. चुकलेल्या नोंदींत ‘अँड्रॉइड’ या शब्दाने सुरू होणारे पत्ते दिसले तर काळजी नको; त्या फोनवरच्या ॲपच्या नोंदी असतात, त्यांना संकेतस्थळाचा पत्ता नसतो आणि फायरफॉक्सला त्यांचा उपयोगही नसतो. क्रोममध्ये एखाद्या पासवर्डसोबत आपण टीप लिहिली असेल, तर ती हाताने उतरवून घ्यावी.

या सगळ्या प्रकारातली खरी जोखीम ती फाइलच आहे. तिला कुलूप नसते. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे आणि खाली सव्वाशे ओळींत पत्ता, वापरकर्तानाव आणि पासवर्ड, सरळ वाचता येतील असे. मी स्वतः अशी एक फाइल काढून विसरलो होतो. आठ महिन्यांनी डाउनलोड्समध्ये वीजबिलांच्या पीडीएफ शोधताना ती ‘क्रोम पासवर्ड्स’ या नावाने त्यांच्या मधोमध बसलेली सापडली, आणि त्या आठ महिन्यांत तो लॅपटॉप दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता. त्या रात्री बसून सगळे महत्त्वाचे पासवर्ड बदलले. म्हणून आयात झाल्यावर पाच-सहा संकेतस्थळांवर, त्यांत बँक आणि ई-मेल धरून, प्रवेश करून पाहावा आणि त्याच बैठकीत शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबून फाइल काढून टाकावी, म्हणजे ती रीसायकल बिनमध्ये जात नाही. आपण एक्सेलमध्ये जतन केलेली जुनी फाइलही शोधून तशीच पुसून टाकावी. ही फाइल स्वतःला ई-मेल करणे, व्हॉट्सॲपवर पाठवणे किंवा ‘फाइल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या संकेतस्थळावर चढवणे, यांपैकी काहीही करू नये.

प्रश्न : माझे पासवर्ड फायरफॉक्समध्ये नीट आले, म्हणून लॅपटॉपवरच्या क्रोममधले सगळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून फोनवरच्या ॲपमध्येही पासवर्ड येईनासे झाले. दोन्हींचा संबंध काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये आपण गूगल खात्याने प्रवेश केलेला असणार. अशा वेळी पासवर्ड लॅपटॉपपुरते नसतात, खात्यात असतात, आणि एका ठिकाणी पुसले की त्या खात्याशी जोडलेल्या सर्व ठिकाणांहून जातात. ही वाट उलटीही चालते, त्यामुळे उपाय सोपा आहे : फायरफॉक्सच्या त्याच पासवर्ड्सच्या पानावरून फाइल निर्यात करावी आणि गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये ती आयात करावी. फोनवरच्या ॲपच्या नोंदी मात्र फायरफॉक्सकडे गेल्याच नसतील, तर त्या एकेक करून पुन्हा साठवाव्या लागतील. फोनवरही फायरफॉक्सच वापरायचे असेल तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या खात्याने दोन्हीकडे प्रवेश करावा आणि अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड भरून देणारी सेवा म्हणून फायरफॉक्स निवडावे. तसे करून फोनवर दोन-चार दिवस काम चालल्याशिवाय जुन्या जागेला हात लावू नये.

प्रश्न : पासवर्ड आले, पण पासकी आल्या नाहीत. का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पासकी म्हणजे लिहून काढता येईल असा शब्द नव्हे, ती पासवर्डऐवजी प्रवेशासाठी वापरली जाणारी गुप्त किल्ली असते, त्यामुळे ती सीएसव्ही फाइलमध्ये उतरत नाही. प्रत्येक संकेतस्थळावर जुन्या पासकीने प्रवेश करून तिथेच नवी तयार करावी लागेल. जुनी पासकी त्यानंतर काढून टाकावी, आधी नाही.