बुडीआधीचे भराभर श्वास

प्रश्न : माझा नातू १३ वर्षांचा आहे. विहिरीत बुडी मारण्याआधी २०-२५ श्वास भराभर घेतो. म्हणतो, त्याने पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं. हे बरं का? – एक आजोबा, जुन्नर

उत्तर : आजोबा, हे आजच थांबवा. पाठीला भोपळा बांधून मीही विहिरीतच पोहायला शिकलो, हाच खेळ खेळलो, म्हणून कळकळीने लिहितोय.

भराभर श्वासांनी प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातलं, प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेलं असतं. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास कोंडल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः याच वायूमुळे. तो साठला की रक्ताची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेलं मस्तिष्कपुच्छ ते ओळखतं आणि श्वासपटलाला हुकूम सोडतं : ओढ श्वास! प्राणवायूवर नजर ठेवणाऱ्या पेशी मानेतल्या धमन्यांपाशी आहेत खऱ्या, पण प्राणवायू बराच घसरेपर्यंत त्या फारशा जाग्या होत नाहीत.

तुमचा नातू तो हुकूमच लांबवतो. पाण्याखाली प्राणवायू संपत येतो तरी छातीत तगमग होत नाही, आणि अचानक शुद्ध हरपते. मग श्वासाबरोबर पाणी आत जातं. पट्टीचे पोहणारेही असे बुडाले आहेत.

पोहणं मात्र बंद करू नका. बुडीआधी एखादा सावकाश श्वास पुरे, दोन बुड्यांमध्ये चांगली विश्रांती घेऊ द्या, आणि काठावर पोहता येणारं मोठं माणूस हवंच.