वैराचे कारण शोधू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता दोनदा वाचली. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या आरंभी माँटेग्यू आणि कॅप्युलेट या घराण्यांच्या वैराचे मूळ सांगणारा, जमिनीच्या व्यवहाराचा जो प्रवेश तू नव्याने घातला आहेस, तो चांगला उतरला असला तरी काढून टाक, असे मी कळकळीने सांगतो.

आपल्या प्रेक्षकाला भाऊबंदकी परिचयाची असल्यामुळे तुला हा मोह झाला असावा; पण भाऊबंदकीत बांध असतो, वाटणी असते, आणि व्हेरोनातल्या या वैरात तसे काहीच नाही. आर्थर ब्रुकच्या 1562 च्या ज्या दीर्घकाव्यावरून शेक्सपिअरने कथानक घेतले, त्यात निदान बरोबरीतून आलेल्या हेव्याचा उल्लेख आहे. शेक्सपिअरने दोन्ही घराण्यांची बरोबरी ठेवली, हेवा मात्र गाळला आणि वैर जुने आहे एवढेच सांगितले.

हे वैर जिवंत कोण ठेवते, ते पहिल्याच प्रवेशात पाहा. कॅप्युलेटांचा नोकर सॅम्प्सन माँटेग्यूंच्या माणसांना डिवचण्यासाठी अंगठा चावतो. त्यांनी जाब विचारताच, 'हो' म्हटले तर कायदा आपल्या बाजूने राहील का, असे तो सोबत्याला हळूच विचारतो, आणि 'नाही' असे उत्तर मिळाल्यावर, अंगठा चावतो आहे खरा, पण तुम्हाला उद्देशून नव्हे, अशी सारवासारव करतो. एवढ्यावरून पुढे तलवारी निघतात. म्हातारा कॅप्युलेट आपली तलवार मागतो, तेव्हा त्याची बायकोच त्याला कुबडी मागायला सांगते. हाच म्हातारा पुढे मेजवानीत माँटेग्यूंच्या रोमिओला ओळखूनही त्याच्या सद्वर्तनाची वाखाणणी करतो आणि बायकोच्या चवताळलेल्या भाच्याला, टिबॉल्टला, दटावून गप्प बसवतो. म्हणजे घरातला कर्ता माणूस भांडणाला कंटाळला आहे. टिबॉल्टला मात्र त्या भांडणावाचून स्वतःची ओळखच नाही. त्याच्या तलवारीने आधी मरतो तो रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, जो दोन्ही घराण्यांपैकी कोणाचाच नाही. हे मला या नाटकातले सर्वांत भयंकर स्थान वाटते. जमिनीचा तुकडा मध्ये आणलास, तर प्रेक्षक कोणाची बाजू खरी हे ठरवत बसेल आणि मर्क्युशिओचा मृत्यू नुसता अपघात वाटेल.

तालमीचे पहिले चार दिवस त्या अंगठ्याच्या प्रवेशालाच दे. सॅम्प्सनचे काम करणाऱ्या मुलाला, कायद्याविषयीचा तो प्रश्न खरोखर घाबरून विचारायला सांग.

तुझा,
सर